दार उघडू नकोस

दार उघडू नकोस, आई म्हणायची.
ओव्हनचं. वीस मिनिटं.
घराचं दार मात्र त्या वर्षी सताड असायचं,
कुणीतरी पायरीवर बटाटे ठेवून जायचं,
कुणीतरी बातमी.

मैदा, दूध, अंडी, मीठ.
धिरड्याच्या पिठाइतकं सैल,
आणि मग थांबायचं.
पिठाला निजू दे, ती म्हणायची,
निजलेलं पीठच वर उठतं.
हे बाबांना ऐकू जावं म्हणून म्हणते असा मला संशय.
संप सुरू झाल्यापासून ते पहाटे खाणीच्या फाटकावर जात
आणि परतले की बूट न काढता खुर्चीत डोळे मिटून बसत.

साचा पत्र्याचा, चार खळग्यांचा, काळा.
तिच्या लग्नापासून त्याला साबण लागला नव्हता.
चरबी धूर सोडेपर्यंत तापवायची
आणि पीठ ओतायचं एका दमात –
चर्रर्र.
चर्चची घंटा आमच्या गल्लीपर्यंत पोचत नसे.
आमचा रविवार या आवाजानं सुरू व्हायचा.

पुडिंग आधी. एकटं. वर ग्रेव्ही.
मांस नंतर.
‘जो पुडिंग जास्त खाईल त्याला मांस जास्त,’
बाबा म्हणायचे, त्यांचे बाबाही म्हणायचे,
आणि हा डाव सगळ्या यॉर्कशरला ठाऊक होता:
पोट पिठानं भरलं की एवढासा तुकडा
सहा जणांना पुरतो.
ठाऊक असूनही आम्ही दर वेळी फसायचो.
फसण्यातच जेवणाची निम्मी चव.

नोव्हेंबर.
ऑलरॉइड खाटकानं चरबीची पुडी दिली, उधारीच्या वहीत न लिहिता.
फक्त चरबी.
आईनं कांदा करपवून ग्रेव्हीला रंग आणला.
कोळसा आम्हीच वेचलेला, खाणीमागच्या ढिगाऱ्यावरून,
खाणकामगाराच्या घरात चोरून आणलेला कोळसा.

चार पुडिंगं फुगली, टोपीसारखी, कडा तांबूस,
मधल्या खळग्यात ग्रेव्हीचं तळं.
नेव्हिल सहा वर्षांचा. त्यानं स्वतःचं खाल्लं,
मग आईचं खाल्लं,
मग काटा-सुरी शिकवल्याप्रमाणे सरळ ठेवून
ओव्हनकडे बघत बसला.

‘मी सगळ्यांत जास्त खाल्लं.’

आई मीठदाणी पुसत राहिली.
बाबा उठले. खणातून मोठी सुरी काढली,
पोलादी कांडीवर धार लावली, सावकाश,
एक बाजू, दुसरी बाजू,
पाहुणे आल्यावर लावायचे तशी.
मग ओव्हनचं दार उघडून वाकून आत पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.

‘अजून कच्चं आहे,’ म्हणाले. ‘पुढच्या रविवारी.’

नेव्हिलनं मान डोलावली.
पुढच्या रविवारीही डोलावली.
मार्चपर्यंत ते कच्चंच होतं.

गेल्या वर्षी आई गेली.
घड्याळ, सोफा, चिनी मातीची कुत्री, सगळं धर्मादाय दुकानात.
साच्यावर मात्र दोघांचे हात एकदम पडले,
आणि दोघांनी एकदम सोडले,
आणि मग मी म्हटलं, तू ने.
मेव्हिस बूथरॉइडची मुलं, दुसऱ्याला द्यायचं ते रागावूनच देतात.

महिन्याभरानं रात्री त्याचा फोन.
बायकोनं साचा घासला होता. साबणानं. तारेनं.
चकाचक, आणि सकाळी गंज.
मी त्याला सांगितलं: मीठ, चरबी, आच,
पुन्हा चरबी, पुन्हा आच.
किती दिवस लागतील?
मी म्हटलं, रविवार मोज.

आता तो दर रविवारी फोन करतो, दुपारी एकच्या सुमारास.
चिकटलं, म्हणतो.
निम्मं निघालं, म्हणतो.
आज म्हणाला, निघालं पण बसलं. मधोमध.

‘दार उघडलंस ना?’

लीड्समधल्या त्याच्या स्वयंपाकघरात
पंखा घरघरत होता.

‘जरासंच,’ तो म्हणाला.
‘आत काही आहे का बघायला.’